स्नायूंचे तीन स्वभाव



केबिन रोड परिसरातील अनेक कुटुंबे मे महिन्यात कोकणात गावी जातात. म्हणून स्नायूंविषयी बोलताना आम्ही लाल विंचवाचे उदाहरण घेत आहोत.

हातापायांचा स्नायू चेतना मिळताच आखडतो आणि क्षणात सैल पडतो. चेतना लागोपाठ आल्यास आखडलेलाच राहतो. हृदयाचा स्नायू प्रत्येक ठोक्यानंतर काही क्षण नवी चेतना स्वीकारतच नाही. ही योजना नसती, तर आपण कोणीच येथे बसलो नसतो! रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सावकाश आकुंचन पावतो, परंतु दीर्घकाळ तसाच राहतो.

विंचवाच्या विषाने मज्जातंतू अनावरपणे चेतवले जातात. रुग्ण बोलत असतो, हातपाय हलवत असतो. बिघाड आतल्या दोन स्नायूंत चालू असतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या अडथळ्याविरुद्ध झुंजावे लागते आणि फुप्फुसांत पाणी साचते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याची पूर्वलक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध वापरले. थकल्या हृदयाला चाबूक न मारता त्याच्यापुढची वाट मोकळी करण्याचा हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, असे त्यांच्या २०११ मधील अभ्यासात दिसले.

डंखाची जागा फारशी दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. मूल घामाने चिंब झाले, हातपाय गार पडले, तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे, ही आमची विनंती आहे.