सत्तरी ओलांडलेल्यांची नांवनोंदणी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या वडीलधाऱ्यांच्या मेळाव्यांत सेवामंडळाच्या वतीनें वाचलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें पूर्ण झालीं, त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानावयास आपण येथें जमलों आहों. प्राचीन इस्राएल लोक पन्नासावें वर्ष ज्युबिलीचें मानीत. त्या वर्षीं परहस्तीं गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जाई आणि दास्यांत पडलेला माणूस मोकळा होई. ज्युबिली म्हणजे नुसता घंटानाद आणि मिरवणूक नव्हे. वांकलेल्याच्या पाठीवरचें ओझें उतरविणें हा तिचा मूळ अर्थ होय. आजच्या काळीं म्हाताऱ्या माणसाच्या घरावर जें ओझें अकस्मात् कोसळतें, तें इस्पितळाच्या खर्चाचें. अंगावरचें सोनें, वाडीचा तुकडा, नातीच्या लग्नासाठीं राखलेली शिल्लक, हें सर्व एका आजारपणांत गेलेलें आपण पाहिलें आहे. म्हणून आज आम्हांस जो विषय नेमून दिला आहे, तो ज्युबिलीस शोभणाराच आहे, असें आम्ही समजतों.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजीं रांची येथें सुरू झाली. आरंभीं ती मुख्यत्वें गरीब कुटुंबांकरितां होती. "ती गरिबांची योजना, आम्हांस तिचें काय?" हा समज तेव्हांपासून आपल्या लोकांत रुजला, तो अद्यापि निघत नाहीं. परंतु ११ सप्टेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें सत्तर वर्षें व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांस या योजनेंत घेण्याचें ठरविलें आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याचा प्रारंभ झाला. अशा वृद्धांस जें पत्र मिळतें, त्यास आयुष्मान वय वंदना कार्ड असें म्हणतात. येथें उत्पन्न विचारीत नाहींत. घर कौलारू कीं माडीचें, मुलगा परदेशीं कीं बेकार, हें कोणी पाहत नाहीं. वय हीच एक कसोटी. ज्यास ही मदत भिक्षेसारखी वाटत असेल, त्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, मतदानाचा हक्क जसा वयानें येतो, तसाच हाही वयानें आलेला हक्क आहे. त्यासाठीं हात पसरावा लागत नाहीं. नांव मात्र नोंदवावें लागतें.

आतां नियमांकडे वळूं.

पहिला नियम वयाचा. सत्तर वर्षें पूर्ण झालीं कीं नाहींत, हें आधार कार्डावरील नोंदीवरून ठरतें. ज्यांच्या आधारावर केवळ जन्माचें वर्ष छापलें आहे, त्यांचा जन्म त्या वर्षाच्या १ जानेवारीस झाला, असें धरलें जातें. म्हणजे आधारावर नुसतें १९५६ असेल, तर १ जानेवारी २०२६ रोजीं सत्तर वर्षें पूर्ण झालीं, असें समजावें. आपल्या देवळाच्या बाप्तिस्म्याच्या वहींत खरा दिवस सुवाच्य अक्षरांत लिहिलेला असेलही. पण नोंदणीच्या वेळीं त्या वहीस कोणी विचारणार नाहीं. आधारावर वय चुकलें असेल, तर तें आधारच्या केंद्रांत जाऊन आधीं दुरुस्त करून घ्यावें. जन्मतारीख साधारणतः एकदांच बदलून मिळते, यास्तव पुरावा नीट पाहूनच अर्ज करावा.

दुसरा नियम रकमेचा. कुटुंबांतील सत्तरीवरील सर्वांस मिळून दर वर्षीं ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळतात. पतिपत्नी दोघेंही सत्तरीपलीकडचीं असलीं, तर रक्कम दोघांत एकच. पतीच्या उपचारास ३ लाख लागले, तर त्या वर्षापुरते पत्नीसाठीं २ लाख उरतात. ज्या कुटुंबास केंद्राच्या या योजनेचा लाभ पूर्वींपासूनच आहे, त्या घरच्या वृद्धांस मात्र आणखी ५ लाख निराळे मिळतात आणि त्यांस घरांतील तरुणांचा वांटा लागत नाहीं. परंतु ध्यानांत ठेवा, जुनें आयुष्मान कार्ड असलें तरी वृद्धाची ओळख पुन्हां पटवून हें नवें कार्ड घ्यावेंच लागतें. "आमच्याकडे कार्ड आहे" असें म्हणून पुष्कळ घरें येथेंच थांबतात.

तिसरा नियम निवडीचा. केंद्र सरकारचे निवृत्त नोकर, माजी सैनिक आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील मंडळी यांस आपापल्या आरोग्य योजना आहेत. त्यांनीं आपली योजना ठेवावी किंवा ही घ्यावी. दोन्ही एकदम मिळत नाहींत. ही निवड एकदांच करावयाची असल्यामुळें घाईनें करूं नये. ज्यांनीं खाजगी कंपनीचा आरोग्यविमा उतरविला आहे, किंवा ज्यांस कामगार राज्य विमा योजनेचा लाभ आहे, त्यांस मात्र कांहीं सोडावें लागत नाहीं.

चौथा नियम सर्वांत दिलाशाचा. खाजगी विम्यांत जुना आजार असला, तर कित्येक महिने किंवा वर्षें थांबावें लागतें. येथें तसें नाहीं. मधुमेह असो, हृदयविकार असो, कार्ड झाल्या दिवसापासून त्यावरील उपचार मिळतात. हप्ता नाहीं, नोंदणीची फी नाहीं. मूत्रपिंडाचें डायलिसिस, हृदयाच्या रक्तवाहिनींत घालावयाचा स्टेंट, पेसमेकर, गुडघ्याचा व खुब्याचा सांधा बदलणें, अशीं मोठीं कामें त्यांत येतात. दाखल होण्यापूर्वींचे ३ दिवस व घरीं परतल्यानंतरचे १५ दिवस, यांतील तपासण्या व औषधेंही त्यांत येतात.

यांत काय बसत नाहीं, तेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या, नेहमींच्या डॉक्टरांची फी, इस्पितळांत दाखल न होतां घेतलेले उपचार, यांसाठीं हें कार्ड नाहीं. तसेंच तें प्रत्येक इस्पितळांत चालत नाहीं; योजनेंत अंगीकृत असलेल्या इस्पितळांतच चालतें. म्हणून जवळचें अंगीकृत इस्पितळ कोणतें, तें धडधाकट असतांनाच विचारून ठेवावें. १४५५५ या क्रमांकावर ही माहिती मिळते आणि इस्पितळांत आरोग्यमित्र असतो, तो मार्ग दाखवितो.

नोंदणी अंगीकृत इस्पितळांत, सेवा केंद्रांत किंवा घरबसल्या मोबाइलवरील आयुष्मान ॲपमधूनही होते. सोबत आधार कार्ड पुरे. घरोघर फिरतांना आम्हांस दोन अडचणी वारंवार आढळल्या. एक अशी कीं, आधाराशीं जोडलेला मोबाइल क्रमांक कधींच बंद पडलेला असतो, किंवा तो परगांवीं असलेल्या मुलाचा असतो; त्यामुळें आलेला गुप्त अंक वृद्धाच्या हातीं पडत नाहीं. दुसरी अशी कीं, जन्मभर शेतांत, मिठागरांत वा होडीवर राबलेल्या हातांच्या बोटांचे ठसे झिजून गेलेले असतात आणि यंत्र त्यांस ओळखीत नाहीं. अशा वेळीं निराश होऊन परतूं नये. डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरूनही ओळख पटवितां येते. तशी मागणी करावी. मात्र तो गुप्त अंक अनोळखी माणसास फोनवरून कदापि सांगूं नये.

बंधुभगिनींनो, या नोंदणीस शेवटची तारीख नाहीं. आपले कांहीं आप्त अमेरिकेंत आहेत, त्यांस विचारा. तेथें वृद्धांची मेडिकेअर नांवाची योजना आहे. पासष्टावा वाढदिवस ज्या महिन्यांत येतो, तो महिना, त्याच्या आधींचे तीन व नंतरचे तीन, अशा सात महिन्यांत तेथें नांव नोंदवावयाचें असतें. नोकरीमुळें मिळणाऱ्या विम्यासारखें कारण नसतां कोणीं उशीर केला, तर डॉक्टरांच्या उपचारांच्या भागाचा हप्ता प्रत्येक पूर्ण वर्षाच्या दिरंगाईस शेंकडा १० या मानानें वाढतो आणि ती वाढ बहुधा जन्मभर राहते. आपल्याकडे असा दंड नाहीं, ही सरकारची उदारताच. पण जेथें मुदत नसते, तेथें माणूस "पुढच्या महिन्यांत पाहूं" असें म्हणत राहतो. सरकारनें तारीख घातली नाहीं, तरी आजार आपली तारीख घालून ठेवतोच आणि ती तो कोणास कळवीत नाहीं. अर्धांगाचा झटका आलेल्या बापास दारांत रुग्णवाहिका उभी असतां आधार कार्ड शोधणें, बंद पडलेला क्रमांक सुरू करणें, चुकलेलें वय दुरुस्त करणें, हीं कामें होत नाहींत. आमचें सर्व सांगणें या एका वाक्यांत आहे: नांव निरोगीपणीं नोंदवा.

योसेफ आणि पवित्र मरिया नाझरेथाहून बेथलेहेमास कशासाठीं गेलीं, तें आपण प्रत्येक नाताळांत ऐकतों. सरकारी हुकुमाप्रमाणें नांवनोंदणी करावयास तीं गेलीं. एवढा लांबचा प्रवास, दिवस भरत आलेले, तरी तें काम त्यांनीं हलकें मानलें नाहीं. तसेंच दयाळू शोमरोन्याचें स्मरण करा. त्यानें जखमा बांधल्या, इतकेंच नव्हे, तर उताराशाळेच्या मालकाजवळ पैसे आगाऊ ठेवून पुढील खर्चाचीही हमी दिली. दयेस अशी दूरदृष्टि असावी लागते. चौथी आज्ञा आईबापांचा मान राखावयास सांगते. तो मान वाढदिवसाच्या हारांत आहे, तसा सेवा केंद्राच्या रांगेंत त्यांच्याबरोबर उभें राहण्यांतही आहे. जीं मुलें दूरदेशीं आहेत, त्यांनीं शेजाऱ्याच्या मुलास तसें सांगावें. आणि ज्या वृद्धास कोणीच नाहीं, त्याचें मूल हा धर्मग्राम होय.

पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ सालीं आजीआजोबा व वयोवृद्ध यांचा जागतिक दिन सुरू केला. तो संत ज्योकिम व संत आन्ना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारीं येतो. त्या रविवारपर्यंत आपल्या धर्मग्रामांतील सत्तरीवरील प्रत्येक माणसाचें आधार तपासलेलें असावें आणि त्याचें नांव नोंदलेलें असावें, असा संकल्प या सुवर्णमहोत्सवांत आपण करूं या. प्रत्येक आळींतून दोन तरुण व दोन तरुणी पुढें आल्या, तर हें काम जड नाहीं. मिस्सा संपल्यावर देवळाच्या ओसरीवर आम्ही वही घेऊन बसूं. तेथें नांवें द्यावींत.

आपल्या आजीआजोबांनीं हें देऊळ उभें राहावें म्हणून घाम गाळला. त्यांची म्हातारपणची काठी होण्याची बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.