सर्पदंड : उगम आणि अर्थ



गोमंतकात सर्पाची पूजा वारुळापासून सुरू होते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत गावोगावी सातेरी नांदते. तिचे मूळ रूप म्हणजे रोयण, अर्थात वारूळ. भूमी ही माता आणि नाग हा तिच्या उदरातील राखणदार, अशी यामागील श्रद्धा आहे. दंडाचेही येथे स्वतंत्र माहात्म्य आहे. डिचोलीतील शिरगावी वैशाख शुद्ध पंचमीस श्री लईराई देवीची जत्रा भरते, तेव्हा व्रतस्थ धोंड हाती वेताची काठी घेऊन निखाऱ्यांवरून चालतात. ती काठी व्रतनियमांची खूण होय.

सर्प आणि दंड यांचा संयोग अन्यत्र फार प्राचीन काळी झालेला दिसतो. मेसोपोटेमियातील गुडेआ राजाने निनगिश्झिदा या देवतेस वाहिलेल्या पात्रावर दंडाभोवती गुंफलेली सर्पजोडी कोरलेली आहे. हे पात्र इ. स. पूर्व २१०० च्या सुमाराचे आहे. ग्रीकांच्या अस्क्लेपियस या वैद्यदेवतेच्या काठीवर मात्र एकच सर्प असतो. कात टाकून नवा होणारा सर्प हे आरोग्याचे प्रतीक ठरले आणि १९४८ साली स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच चिन्ह स्वीकारले. दोन सर्पांचा दंड हा देवदूत हर्मिसचा. झुंजणाऱ्या दोन सर्पांमध्ये त्याने आपला दंड टाकताच ते वैर विसरून त्यास वेढून राहिले, अशी कथा आहे.

भारतीय योगशास्त्राने हा दंड देहातच पाहिला. मेरुदंडाच्या दोहों बाजूंस इडा आणि पिंगळा, मध्ये सुषुम्ना. आणि कुंडलिनी ही नागिणीसारखी वेटोळे घालून निजलेली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तिच्या जागृतीचे विस्तृत वर्णन आहे.

हर्मिसची कथा ऐकताच गोमंतकीयास श्री शांतादुर्गेचे स्मरण व्हावे. शिव आणि विष्णू यांचे युद्ध तिने शमविले. तिच्या दोन हातांतील दोन सर्प हे त्या दोघांचेच प्रतीक मानले जातात. या कथांनी एकमेकींपासून उसनवारी केली असे मानण्याचे कारण नाही. परंतु दोहोंचा अर्थ एकच आहे. विषाचा नाश नव्हे, तर त्याचे नियमन.

देवस्थानांत मानपान, पाळी आणि हक्क यांवरून पक्ष पडतात, पिढ्यान्पिढ्या अबोला राहतो. अशा वेळी महाजनांनी देवीच्या हातांकडे पाहावे. तिने एकाही सर्पास ठेचलेले नाही आणि एकासही मोकाट सोडलेले नाही. दोघांनाही तिने समान धरले आहे.