बचाव म्हणजे माघार नव्हे

(वर्धा जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



बुद्धिबळाचा पट आपल्या खेड्यांना नवा नाही. मात्र स्पर्धेतील खेळ आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतो. आपल्या जुन्या पद्धतीत प्यादे एकच घर सरके. तेथे ते पहिल्या खेळीत दोन घरे जाऊ शकते. एवढ्या फरकानेही डावाची सुरुवात पालटते.

तरुणांच्या स्पर्धांत वारंवार दिसणारी सुरुवात म्हणजे सिसिलियन बचाव. पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे सरकविले, की काळा तशीच खेळी न करता वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे पुढे करतो. पुढे बहुधा या प्याद्याची पांढऱ्याच्या वजिरापुढील प्याद्याशी अदलाबदल होते. पांढऱ्याची मोहरी लवकर बाहेर पडतात व त्याला हल्ल्याची संधी मिळते. काळ्याकडे मध्यभागी एक प्यादे अधिक राहते आणि त्याच्या हत्तीला उभी वाट मोकळी होते. नाव बचावाचे असले तरी हेतू जिंकण्याचाच असतो.

या खेळ्या पाठ करून मात्र भागत नाही. प्रतिस्पर्ध्याने अनपेक्षित खेळी केली, की पाठांतर संपते आणि विचार सुरू होतो. कृतीतून शिक्षणाचा विचार १९३७ साली वर्ध्याच्याच शिक्षण परिषदेत मांडला गेला, याचे येथे स्मरण होते.

शेजारच्या नागपूरचे उदाहरण पाहा. कु. दिव्या देशमुख हिने २०२४ साली गांधीनगर येथे वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक अजिंक्यपद ११ पैकी १० गुणांनी पटकाविले. २०२५ साली बातुमी येथील महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत श्रीमती कोनेरू हंपी यांच्याशी पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निर्णायक जलद डाव तिने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. दुसऱ्यांदा खेळणारा दुबळा नसतो, हेच यातून दिसते.

आर्वी, आष्टी वा समुद्रपूरकडील मूल बुद्धीने उणे नाही. परंतु घड्याळ लावून खेळण्याची व प्रत्येक खेळी लिहिण्याची सवय नसेल, तर पटावर बसण्यापूर्वीच ते मागे पडते. ही उणीव दूर करण्यास मोठा निधी लागत नाही. ग्रामपंचायतीने सायंकाळी एक खोली व दिवा द्यावा. शाळेने पट, घड्याळ व वही द्यावी. हरलेला डाव शिक्षकांनी मुलाबरोबर पुन्हा मांडावा आणि तो कोठे फिरला, हे मुलालाच शोधू द्यावे.

जिंकणारे थोडेच असतील. विचार करून उत्तर देण्यास मात्र सारेच शिकतील.