बदललेला पत्ता

दिवाळी सरली म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील (२०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील) भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतल्या कित्येक घरांना कुलुपें लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, कांहीं तर कर्नाटकांतही, निघतात. पांचसहा महिने त्यांचें घर म्हणजे कारखान्याजवळची कोपी. सरकारदरबारीं पत्ता मात्र गांवचाच राहतो. सरकारची मदत माणसाला ओळखते ती या पत्त्यावरून. म्हणून माणूस आणि पत्ता यांची फारकत झाली कीं हक्काच्या घासाचीच काळजी लागते.

परंतु सर्वच स्थलांतर सारखें नसतें. जो हंगामापुरता जातो त्यास पत्ता बदलण्याचें कारण नाहीं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानें प्राधान्य कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळतें. तें आतां अंगठा उमटवून दुसऱ्या गांवच्या रास्त भावाच्या दुकानांतूनही घेतां येतें. २०१९ पासून ही सोय परराज्यांतही होऊं लागली. कांहीं वाटा कोपीवरील जोडप्यानें आणि उरलेला गांवीं राहिलेल्या म्हाताऱ्यांनीं उचलावा, अशीही मुभा आहे.

जो कायमचा जातो त्याची गोष्ट निराळी. पुण्यास बांधकामावर स्थिरावलेला मुलगा वृद्ध आईला आपल्याकडे आणतो. श्रावणबाळ योजनेचें तिचें वेतन बँकेंत जमा होत असतें, त्यामुळें पत्त्याची आठवण कोणासच राहत नाहीं. पुढें हयातीची पडताळणी निघते आणि गांवीं दाराला कुलूप आढळतें. म्हातारी हयात असते, पण यादीच्या लेखीं ती बेपत्ता!

अशा वेळीं प्रथम आधारवरील पत्ता बदलावा. स्वतःच्या नांवें पुरावा नसल्यास कुटुंबप्रमुखाच्या संमतीनें त्याचा पत्ता लावण्याची सोय २०२३ पासून आहे. परंतु एवढ्यानें भागत नाहीं. आधार बदललें म्हणून शिधापत्रिका किंवा वेतनाची नोंद आपोआप बदलत नाहीं. तहसील कचेरींतील पुरवठा शाखा, योजनेची शाखा आणि बँक यांस निरनिराळें कळवावें व प्रत्येकाची पोंच जपून ठेवावी. मोबाईलचा क्रमांक बदलल्यास तोही कळवावा; सूचना आतां पुष्कळदां त्यावरच येतात.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा यांत काय संबंध, असें कोणी विचारील. इमारतीचा पहारेकरी, घरकामाची बाई, समोरच्या बांधकामावरील मजूर हीं माणसें अशाच कुलुपबंद घरांतून आलेलीं असतात. त्यांचे कागद एका दुपारीं वाचून पाहण्यास आणि एक अर्ज लिहून देण्यास फारसे श्रम पडत नाहींत. तेवढ्यानें एखाद्या म्हातारीचें नांव यादींत राहतें, आणि नांव राहिलें तर तिचा घासही राहतो.