लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला ठेवला तर बॅटरी जाते का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न आज घेऊया: "दादा, चार्जर दिवसभर लावून ठेवला तर बॅटरी जाते का?"

चार्जरमुळे जात नाही. ती झिजते दोन गोष्टींनी: रोज तासन्‌तास १०० टक्क्यांवर बसून राहणं, आणि उष्णता.

आपल्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना 'मेमरी'चा त्रास व्हायचा, म्हणून घरातले मोठे अजून सांगतात, "पूर्ण उतरू दे, मगच लाव." लिथियमला हे लागू नाही. उलट रोज शून्यापर्यंत उतरवलेलं तिला मानवतच नाही.

फुल झाल्यावर चार्जिंग आपोआप थांबतं आणि लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो, त्यामुळे ओव्हरचार्जची भीती सोडा. पण फुल असताना प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या आसपास, कधी त्याहून थोडा जास्त ताणलेला असतो. त्या ताणात आतलं रसायन हळूहळू खराब होतं, आणि सेल गरम असेल तर भराभर. आता डोळ्यांसमोर आणा: नागपूरचा मे महिना, हॉस्टेलची खोली, लॅपटॉप गादीवर, त्याची खालची जाळी बंद, गेम चालू, आणि चार्ज १००. बॅटरीचे यापेक्षा वाईट हाल नाहीत! गादीवरून उचलून टेबलावर ठेवलात तरी बराच फरक पडतो.

दुसरं काम सेटिंगचं. लेनोवोच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये 'कन्झर्वेशन मोड' आहे, आसूसमध्ये 'बॅटरी केअर', डेल-एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायॉसमध्ये असा पर्याय मिळतो. चार्जिंग बहुतेक ८० टक्क्यांच्या आसपास थांबतं. एकदा चालू करा आणि विसरून जा.

"पण आमच्याकडे लाइट जाते!" बरोबर आहे. परीक्षेच्या आठवड्यात, ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या दिवशी खुशाल १०० करा. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. सुट्टीत लॅपटॉप महिनाभर पडून राहणार असेल तर मात्र निम्म्यावर आणून बंद करून ठेवा.

आपली बॅटरी किती उरलीय ते बघायचंय? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, अर्थात इंग्रजीत. एक फाइल तयार होते. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला ५०,००० आणि दुसरा ३०,००० असेल तर तुमचं १०० म्हणजे नव्या बॅटरीचं ६० आहे.

आणि टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, खालचा भाग फुगलाय असं दिसलं तर लगेच चार्जर काढा आणि लॅपटॉप बंद करा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सरळ सर्व्हिस सेंटर. काढलेली बॅटरीही घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते.