आपल्या गावचा पाऊस



आम्ही लातूरकर वैशाखात दोनच गोष्टी बोलतो : ऊन आणि पाणी. व्याख्यानालाही आज तोच विषय घ्यावा असे वाटले. ज्या आकाशाखाली आपण राहतो त्याची माहिती आपल्याला असावी, एवढाच हेतू.

आपले गाव जुने. राष्ट्रकूट राजे 'लट्टलूरपुराचे अधीश्वर' अशी बिरुदे मिरवीत. ते लट्टलूर म्हणजेच हे लातूर, असे अभ्यासक मानतात. पुढे निजामाची राजवट आली. ती १९४८ साली संपली, आणि १९८२ साली आपला स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, परंतु गावाचे पोट भरणारी गोष्ट बदलली नाही : काळी जमीन आणि तिच्यावर पडणारा पाऊस. गंजगोलाईतील व्यापार असो की तूरडाळीचे कारखाने, सर्वांचे मूळ तिथेच आहे.

हा पाऊस येतो कसा? नैर्ऋत्य वारे समुद्रावरून ओलावा आणतात खरे; पण सह्याद्री त्यांना अडवतो. वर चढताना ढग थंड होतात आणि बहुतेक ओझे तिथेच उतरवतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्याकडे सरासरीने ७५० ते ८०० च्या आसपास. शिवाय आपल्याला दुसरा एक दाता आहे, तो पूर्वेकडचा. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकले की भाद्रपदात आपल्याकडे जोर धरतो. म्हणून मृग कोरडा गेला तरी आपले जुने शेतकरी उत्तरा आणि हस्ताची वाट पाहत. त्या पाण्यावर काळी जमीन ओल धरी, आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी उभी राही.

मात्र जमिनीखाली काळा पाषाण आहे. तो स्पंजासारखा पाणी पीत नाही. भेगांत आणि झिजलेल्या थरात मावेल तेवढेच साठवतो. विंधनविहीर खोल नेली म्हणून पाणी वाढत नाही; शेजाऱ्याचे मात्र आटते.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. आपल्या नळाचे पाणी आपल्या गावच्या पावसाचे नाही. मांजरा नदी बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, तिचे धरण धनेगावला आहे. तेव्हा आपल्या अंगणात चिखल झाला तरी वरच्या खोऱ्यात पाऊस नसेल तर आपली टाकी रिकामीच.

२०१६ साली हे आपण अनुभवले. लागोपाठ पाऊस चुकला, धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिलात मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. पहिल्या खेपेस १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणी, २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजारांवर होती. भागाकार केला तर माणशी साडेसहा लिटर येतात. कळशीसुद्धा भरत नाही! ज्यांनी पाणी दिले त्यांचे ऋण आहेच; पण आगगाडीवर शहर चालत नाही, हाही धडा त्यातच आहे.

त्याच वर्षी भाद्रपद संपताना मुसळधार पाऊस झाला आणि धरण भरले. आम्ही आनंदलो, आणि लगेच विसरलो.

दोष कोणाला द्यावा? उसाकडे बोट दाखवणे सोपे आहे. ऊस वर्षभर पाणी पितो हे खरे. परंतु २०१४ साली फाल्गुनात गारपीट झाली तेव्हा हरभरा, गहू झोडपून निघाला. अशा वेळी हमखास गिऱ्हाईक असलेले पीक शेतकऱ्याने धरले तर त्याला नावे कशी ठेवावीत? डाळीला तेवढीच खात्री मिळाली तर तो आपण होऊन वळेल. आणि आपण शहरवासीयांनी तरी काय केले? छपरावरचे पाणी गटारात सोडले आणि आड बुजवून त्यावर घरे बांधली.

मंडळी, पाऊस आपल्या हाती नाही. पण पडलेले पाणी कुठे जाते हे पाहणे आपल्या हाती आहे. ज्या वर्षी धरण भरलेले असेल, त्याच वर्षी हा विचार करावयाचा. कोरड्या वर्षी विचाराला सवड नसते. तेव्हा फक्त रांग असते.