प्रसिद्धीपराङ्मुखता आणि कलावंताचे नाव

(कलासाधकांच्या एका एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या विषयाला 'पर्सनल ब्रँडिंग' असे भारदस्त नाव आहे. हे शब्द उच्चारताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी उमटते, याची मला कल्पना आहे. आपण ज्या संस्कारांत वाढलो, तेथे प्रसिद्धीपराङ्मुखता हा सद्गुण आहे. पायाच्या दगडाने कळसाची हाव धरू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्यालाही त्या यादीत बसवले आहे. मग कलावंताने स्वतःची जाहिरात करावी, हे आपल्या परंपरेत बसते काय?

येथे प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. १९८१ साली स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या नावाने आज महाराष्ट्रभर एक रांगोळी ओळखली जाते. शोभायात्रेच्या मार्गावर पहाटे ती रेखाटणाऱ्या हातांची नावे कोणी विचारत नाही आणि त्या हातांनाही त्याची खंत नसते. ती सेवा आहे. तिचे श्रेय संघटनेचे. परंतु जो कलावंत चित्रावर, शिल्पावर वा गायनावर आपले घर चालवतो, त्याचे नाव हेच त्याचे भांडवल असते. सेवेचा नियम उपजीविकेला लावला, तर त्याच्या कुटुंबाची परवड होते आणि अखेरीस कलाही सुटते.

नाव सांगणे आणि स्तुती सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहंकार गाळून टाकण्याचा उपदेश करणाऱ्या आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा ठेवली. त्या मुद्रेने स्तुती केली नाही. ही रचना कोणाची, एवढेच सांगितले. कलावंतानेही आपल्या प्रत्येक कृतीवर नाव घालावे आणि ते लोकांपर्यंत पोहोचवावे, यात परंपरेचा कोणताही भंग नाही.

ते पोहोचवावे कसे, याचे दोन धडे आपल्याच भूमीत सापडतात. राजा रविवर्मा यांची चित्रे संस्थानिकांच्या महालांत टांगली जात. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलवण्यात आला. त्यातून निघालेल्या रंगीत प्रतींमुळे लक्ष्मी आणि सरस्वती सामान्य माणसाच्या देवघरात विराजमान झाल्या. कर्जापायी छापखाना विकावा लागला खरा, परंतु चित्रकाराचे नाव घराघरांत कायम राहिले. ज्याला मोठे चित्र परवडत नाही त्याच्यासाठी छोटी प्रत काढणे, यात कलेचा कमीपणा नाही.

याच छापखान्यात काही काळ काम केलेले दादासाहेब फाळके हे आपले दुसरे गुरू. प्रारंभी चित्रपटाला भांडवल देण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा त्यांनी वाटाण्याचे बी रुजून त्याचे रोप कसे होते, याची छोटी फिल्म तयार करून दाखवली आणि मग पैसा उभा राहिला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. १९१४ साली इंग्लंडमध्ये राहून चित्रपट करण्याचा प्रस्ताव आला असता तो नाकारून ते मायदेशी परतले. आपल्या कामाचा छोटा नमुना आधी दाखवणे, हा त्यांच्याकडून घेण्याचा पहिला धडा.

दुसरा धडा जाहिरातीच्या मर्यादेचा. सुरतेत प्रेक्षक येईनात, तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केली आणि गर्दी लोटली, असे सांगतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट. फुटाला १६ चित्रे धरली, तर सत्तावन्न हजारांचा आकडा जवळपास बसतो. लांबी मात्र एक मैलही भरत नाही. कामाचे वर्णन अचूक आकड्यांत करा. ते पुरेसे आकर्षक असते. फुगवलेला मैल कोणीतरी, कधीतरी मोजतोच.

परंतु नाव झाले म्हणजे सारे झाले, असे नाही. १९१८ साली फाळके यांनी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभारली. पुढे मतभेद झाले आणि ते कंपनी सोडून काशीस गेले. नंतर परतले, तरी पूर्वीचे स्वामित्व उरले नाही. १९४४ साली नाशिक येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा वैभवाचे दिवस मागे पडले होते. त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला. कीर्ती राहिली, पण कीर्तीने म्हातारपणी घर चालत नाही.

म्हणून नावाबरोबर हक्कही सांभाळावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. नोंदणीची सक्ती नाही. हक्क दुसऱ्यास द्यायचा तर लेखी आणि स्वाक्षरीसह द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता, असे कायदा मानतो. मात्र पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राचा वा छायाचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. हे ठाऊक नसल्याने अनेकांची फसगत होते. हक्क विकल्यावरही 'ही निर्मिती माझी' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे कलावंताकडेच राहतो. तेव्हा काम घेताना एका कागदावर काम काय, मोबदला किती, हक्क कोणाचा आणि नाव कोठे छापणार, या चार गोष्टी लिहून घ्या. ओळखीच्या माणसाकडूनही घ्या. त्याने संबंध बिघडत नाहीत, उलट टिकतात.

आता दोन शब्द येथे बसलेल्या कुटुंबांसाठी आणि संयोजकांसाठी. मंडप, ध्वनिक्षेपक आणि भोजन यांचे पैसे आपण बिनबोभाट देतो. गायकाची वेळ आली की मात्र 'आपलाच माणूस आहे, त्याला कसले मानधन?' असे म्हणतो आणि शाल-श्रीफळावर त्याची बोळवण करतो. शाल सन्मानाची असते. तिने घराचे भाडे फिटत नाही. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या समाजाने आपल्या गावच्या चित्रकाराचे चित्र योग्य किंमत देऊन विकत घ्यावे, हीसुद्धा स्वदेशीच होय. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादे सुंदर चित्र पुढे पाठवताना त्याखालचे नाव कापू नये, एवढे तर प्रत्येकाला करता येईल.

कलासाधकांनो, साधनेचा वेळ जाहिरातीत जाऊ नये, ही आपली चिंता रास्त आहे. त्यासाठी आठवड्यातील एक ठरावीक वेळ राखून ठेवा. त्या वेळात नव्या कामाचे छायाचित्र, त्याचे नाव, माध्यम, आकार, किंमत आणि आपला संपर्क एवढे नीट मांडा. उरलेले सहा दिवस साधनेचे. स्तुती करायची ती रसिक करतील. आपण त्यांना आपला पत्ता द्यायला विसरू नये, इतकीच विनंती करतो आणि थांबतो.